स्विमिंग पूलच्या रिपेअरसाठी सीएसआर फंड आणि ती नवीन नोटीस

मा. अध्यक्ष साहेब आणि सगळे कमिटी मेंबर्स,
स.न.वि.वि.

परवा सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस आली की पूलचा फिल्टर आणि टाइल्सचा खर्च आपल्याला झेपणारा नाही, तर नाशिकच्याच सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत आपल्या एका मेंबरची चांगली ओळख आहे, तिथून सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांना समाजकार्यावर खर्च करावे लागतात ते, पैसे आणून काम करून घेऊ. खाली पटापट अंगठे पण पडले. आणि त्याच नोटिशीत मुद्दा क्रमांक ४, की पाण्याच्या स्वच्छतेसाठी घरकामाच्या मावशी, वॉचमन, ड्रायव्हर यांच्या मुलांना पूल एरियात यायला मनाई. म्हणजे पैसे समाजसेवेच्या खात्यातून हवेत आणि समाज मात्र गेटच्या बाहेर, हे कमिटीतल्या एकालाही खटकलं नाही का हो?

आधी पैशाचं बोलते. मी कंपनीत अकाउंट्स बघते म्हणून हे रोजचं आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्यांचा नफा निदान ५ कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी आहे त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात, पण कुठे करायचे ते शेड्यूल ७ मध्ये ठरलेलं आहे आणि त्यात "ओळखीच्या सोसायटीचा पूल" असं काही नाही. २०२१ पासून तर नियम अजून कडक झालेत, काम करणारी संस्था १२ए, ८०जी वाली (म्हणजे आयकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंदलेली), सीएसआर-१ नंबर (सीएसआर कामासाठीची सरकारी नोंदणी) असलेली लागते, आणि या पैशातून बांधलेली वस्तू खाजगी मालकीत ठेवताच येत नाही. आपली सहकारी गृहनिर्माण संस्था यात कुठेच बसत नाही. उद्या त्या कंपनीच्या ऑडिटरने विचारलं की याचा फायदा कोणाला झाला, तर उत्तर काय, ए विंग आणि बी विंगला?

आता मुद्दा ४. मुळात सार्वजनिक पूल ही भानगड सुरूच झाली ज्यांच्या घरी बाथरूम नव्हतं त्यांच्यासाठी. इंग्लंडमध्ये १८४६ साली कायदा करून नगरपालिकांना गरीब कामगारांसाठी स्नानगृहं आणि धुणीघरं बांधायची परवानगी दिली, कारण साथीचे रोग वस्त्यांत पसरत होते. अमेरिकेतही सुरुवातीचे सरकारी पूल मुख्यतः गरीब कामगार वस्त्यांतल्या पोरांसाठी होते. पुढे बाया-पुरुष एकत्र पोहायला लागले आणि मग गोऱ्यांना काळे लोक पाण्यात नकोसे झाले. १९६४ मध्ये फ्लोरिडात सेंट ऑगस्टिनला एका मोटेलच्या पूलमध्ये आंदोलक उतरले तर मॅनेजरने पाण्यात ॲसिड ओतलं, त्याचे फोटो जगभर छापून आले. मिसिसिपीत जॅक्सन शहराने तर कोर्टाने सगळ्यांना प्रवेश द्या म्हटल्यावर पूलच बंद करून टाकले, आणि १९७१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने ते चालवून घेतलं. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी मग आपापले मेंबर्स-ओन्ली क्लब काढले. कुंपण, गेट, पास, पाहुण्यांची एंट्री वगैरे सगळं तिथे आपल्या आधीच होऊन गेलंय.

आणि अमेरिकेला नावं ठेवायला आपण काही फार लांब नाही. महाडला २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले तर नंतर तिथल्या लोकांनी १०८ घागरी शेण-गोमूत्र-दूध-दही ओतून तळं "शुद्ध" केलं, हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. काळारामाच्या दारातला १९३० चा सत्याग्रह तर आपल्याच गावातला. म्हणून नोटिशीत "पाण्याची स्वच्छता" वाचलं की मला जरा कसंतरीच होतं, मुद्दाम नसेल लिहिलं, पण लिहिलंय ना. पाणी स्वच्छ राहतं ते पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवल्याने, क्लोरीन वेळेवर टाकल्याने आणि उतरण्याआधी शॉवर घेतल्याने, जो आपले मेंबर्सच घेत नाहीत, तेल लावून उतरणारे काका कोण ते सगळ्यांना माहितीये. क्लोरीनला कोणाचे वडील काय काम करतात ते कळत नाही.

बरं, हेच आपण रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीत धप्पा मारायला जातो, पेशव्यांच्या काळापासूनचा तो खड्डा, रंगाचं एकच पाणी आणि त्यात अख्खं गाव उडी मारतं. तिथे आपले कमिटी मेंबर्स शेजारच्याला विंग विचारताना मी तरी पाहिले नाहीत, उलट फोटो स्टेटसला असतात.

माझं म्हणणं एवढंच की फिल्टर आणि टाइल्स आपण रिपेअर फंडातून करू, तो त्यासाठीच तर गोळा करतो, कमी पडले तर जनरल बॉडीत वर्गणी ठरवू, कुरकुर होईल ती होऊ दे. आणि त्या कंपनीकडे जायचंच असेल तर खरं काम घेऊन जा. दर उन्हाळ्यात गोदावरीत, कालव्यात, शेततळ्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो, देशात वर्षाला ३० हजारांहून जास्त माणसं बुडून जातात. आपला पूल सकाळी १० नंतर दुपारभर रिकामा पडलेला असतो. एखाद्या रजिस्टर्ड ट्रस्टला शनिवारची बॅच द्या, मुलं आपल्याकडे काम करणाऱ्यांची आणि मागच्या मनपा शाळेची, कोच, लाइफगार्ड आणि विम्याचा खर्च कंपनीने त्या ट्रस्टला द्यायचा. पूल आपलाच राहतो आणि सीएसआर कायद्यात पण बसतं. महापालिकेचा सावरकर तलाव आहे, पण पाथर्डी फाट्यावरून त्र्यंबक रोडला ही मुलं कशी जाणार.

जबाबदारी कोणाची हा प्रश्न येणार, बरोबरच आहे, म्हणून लाइफगार्डशिवाय एकही बॅच नको आणि पालकांच्या सह्या आधी.

हे दोन्ही विषय येत्या एजीएमच्या अजेंड्यावर लेखी घ्यावेत, आणि तोपर्यंत मुद्दा ४ ची अंमलबजावणी थांबवावी. फिल्टरची दोन-तीन कोटेशन मी आणून देते, ट्रस्टच्या लोकांशी बोलायलाही तयार आहे.

आपली,
बी विंगमधली एक सभासद