काकू, वीक्सव्हिल दाखवलंत म्हणून

ती. काकूंना,
सा. न.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही ‘पुरे गं’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांसमोर लिहितेय.

तुम्ही हट्टाने वीक्सव्हिलला, म्हणजे कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या जुन्या गावाच्या उरलेल्या घरांकडे, नेलं नसतं, तर ब्रुकलिनच्या बर्गन स्ट्रीटवरून आम्ही सरळ पुढे गेलो असतो. तुम्ही मात्र आम्हाला आत जाऊच दिलं नाहीत. आधी बाहेर उभं करून म्हणालात, ‘घरं बघा, रस्त्याला तिरकी आहेत.’ खरंच होती! हंटरफ्लाय रोड हा जुना रस्ता मोडला, नवे रस्ते सरळ आखले गेले आणि ती लाकडी घरं तेवढी जुन्या रस्त्याकडे तोंड करून राहिली.

पुढचं तुम्ही सांगितलंत ते अजून डोक्यातून जात नाही. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी १८२७मध्ये संपली, पण कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचं तर २५० डॉलरची मालमत्ता नावावर हवी. गोऱ्यांना ही अट नव्हती. गोदीत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय जेम्स वीक्सनी १८३८मध्ये इथे जमीन घेतली आणि गाव वसलं. जमीन म्हणजे छप्पर आणि मतसुद्धा! सक्तीच्या सैन्यभरतीवरून पेटलेल्या १८६३च्या दंगलीत मॅनहॅटनमधून जीव घेऊन पळालेल्या कृष्णवर्णीयांना याच गावाने आसरा दिला. जोतीरावांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा हे गाव नांदतं होतं. त्या अर्पणपत्रिकेवर बोलताना आपल्याला लिंकन आठवतो. वीक्सही आठवायला हवेत, असं मला आता वाटतं.

पुढे शहराने गाव गिळलं. १९६८मध्ये इतिहासकार जेम्स हर्ली आणि वैमानिक जोसेफ हेन्स यांना विमानातून ही घरं दिसली. कार्यकर्त्या जोन मेनार्ड यांनी ती वाचवण्यात आयुष्य घातलं. शेजारच्या शाळेतली पोरंही घरांसाठी महापालिकेच्या सुनावणीला गेली. २०१९मध्ये पैशांअभावी तिथल्या वारसा केंद्राची दारं बंद व्हायची वेळ आली, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली. कारण तिथे नुसतं बघायला जायचं नसतं. हिरवळीवर बसायचं, गाणं ऐकायचं, भेटायचं असतं. नुसतं कुलूपबंद संग्रहालय असतं, तर एवढ्या लोकांनी खिशात हात घातला असता असं मला नाही वाटत.

परतताना सबवेत तुम्ही एवढंच विचारलंत, ‘आपल्या मंडळाच्या पहिल्या गणपतीचे फोटो कोणाच्या बेसमेंटमध्ये आहेत?’ कोणालाच सांगता येईना.

तर काकू, दोन खोकी सापडली आहेत. एकाला थोडी ओल लागलीय, पण फोटो शाबूत आहेत. मागे नावं मात्र कोणीच लिहिलेली नाहीत. रविवारी चहाला या आणि काकांनाही आणा. निम्मे चेहरे फक्त तुम्हा दोघांनाच ओळखता येतील. पेन्सिल मी आणते.

तुमचीच,
मंडळातली एक धाकटी