पगाराची अपेक्षा विचारतील तेव्हा

ठाणे (पश्चिम)

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ऐरोलीच्या कंपनीने तुला दुसऱ्या फेरीला बोलावले हे वाचून आनंद झाला. मात्र "पगाराचे विचारले की तोंडातून आकडाच निघत नाही" हे तुझे वाक्य वाचून हसू आले, कारण नऊ वर्षांपूर्वी मीही नेमका तिथेच अडखळलो होतो आणि त्या अडखळण्याची किंमत पुढे दोन वर्षे मोजत होतो.

ती मुलाखत वागळे इस्टेटमध्ये होती. कामाचे सगळे प्रश्न संपल्यावर एचआरच्या बाईंनी विचारले, "तुमची अपेक्षा काय?" मी म्हणालो, "महिना साठ हजार." त्यांनी आकडा लिहून घेतला, पेनाचे टोपण लावले आणि क्षणभर काहीच बोलल्या नाहीत. ती शांतता मला इतकी जड झाली की त्यांनी हूं की चूं करण्याआधी मीच म्हणालो, "अर्थात, थोडे कमी-जास्त चालेल." जांभळी नाक्याच्या बाजारात पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारा मी तिथे मात्र कोणी न मागता सूट देऊन मोकळा झालो!

तरी त्यांनी आकडा कमी केला नाही. साठ हजार गुणिले बारा, म्हणजे सात लाख वीस हजारांचे ऑफर लेटर आले. त्यात मूळ वेतन चाळीस टक्के, म्हणजे महिना २४,००० रुपये होते. त्यावर कंपनीच्या वाट्याचा बारा टक्के भविष्यनिर्वाह निधी (पीएफ), वर्षाचे ३४,५६० रुपये, माझ्याच सीटीसीत, म्हणजे कंपनीच्या माझ्यावरच्या वर्षाच्या एकूण खर्चात, धरलेला होता, ग्रॅच्युइटीचे (पाच वर्षांच्या सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे) मूळ वेतनाच्या ४.८१ टक्क्यांनी सुमारे १३,८५० रुपयेही त्यातच होते, आणि ७२,००० रुपये व्हेरिएबल म्हणून वर्षअखेरच्या मूल्यमापनावर टांगलेले होते. उरलेल्या रकमेला बाराने भागले की महिना पन्नास हजारांच्या आत येते. त्यातून माझ्या वाट्याचे पीएफचे २,८८० आणि व्यवसाय कराचे २०० रुपये वजा झाले, तेव्हा हाती ४६,९०० सुद्धा पडत नव्हते, आयकर वेगळाच. यात फसवणूक कोणाचीच नव्हती. मी हातात येणारा पगार बोललो आणि त्यांनी सीटीसी ऐकली, एवढेच.

म्हणून मित्रा, आकडा किती सांगावा यापेक्षा तो कशाचा आकडा आहे हे आधी ठरव. हातात किती हवे ते घरी बसून काढ आणि तिथून मागे हिशेब करत सीटीसीपर्यंत जा. पीएफ पूर्ण मूळ वेतनावर कापतात की १५,००० रुपयांच्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,८००, हेही विचारून घे, कारण हातातल्या रकमेत त्याने फरक पडतो. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली असून, वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे माझ्या वेळचे चाळीस टक्क्यांचे गणित तुला जसेच्या तसे लागू होणार नाही.

प्रश्न पहिल्यांदा येईल तो बहुधा फोनवरच, एका दमात: करंट सीटीसी किती, एक्स्पेक्टेड किती, नोटीस पिरियड किती? त्या वेळी नम्रपणे म्हण, "या पदासाठी आपण साधारण किती तरतूद ठेवली आहे ते कळले तर मला नीट सांगता येईल." काही जण सांगतात, बरेच जण टाळतात. टाळले तर आढेवेढे न घेता एकच आकडा सांग. "नऊ ते अकरा लाख" असे म्हणू नकोस. माझ्या अनुभवात समोरच्याला त्यातले फक्त नऊ ऐकू येते. आकडा सांगताना "फिक्स्ड" (म्हणजे व्हेरिएबल सोडून ठरलेला पगार) हा शब्द न विसरता जोड, आणि सांगून झाल्यावर गप्प बस. माझे चुकले ते इथेच.

सध्याचा पगार मात्र फुगवून सांगू नकोस. पुढे पगारपत्रके, फॉर्म १६, कधी पीएफचे पासबुकही मागतात आणि तिथे खोटे उघडे पडते. पण खरा पगार सांगणे म्हणजे त्यावर तीस टक्के वाढ घेऊन समाधान मानणे नव्हे. "सध्याचा पगार तिकडच्या बाजारभावाचा आहे, माझी अपेक्षा या कामाच्या जबाबदारीवर ठरवली आहे," असे तू सरळ म्हणू शकतोस. ठाण्यातले घरभाडे आणि अकरा महिन्यांच्या कराराचे डिपॉझिट हे तुझ्या हिशेबात जरूर धर, मात्र मुलाखतीत ते रडगाणे गाऊ नकोस. तुझ्या भाड्याशी त्यांना काय देणेघेणे?

तुझ्या पत्रातली एक गोष्ट तुझ्याही लक्षात आलेली दिसत नाही. सध्याच्या नोकरीत तुला पाच वर्षे पूर्ण व्हायला अजून तीन महिने आहेत, आणि तुझी नोटीसही तीन महिन्यांचीच आहे. इकडची मंडळी "लगेच रुजू व्हा, नोटीस आम्ही विकत घेतो, म्हणजे न भरलेल्या दिवसांचे पैसे आम्ही देतो" असे म्हणाली तर हुरळून जाऊ नकोस. तुझे मूळ वेतन २०,००० आहे. त्याला पंधरा भागिले सव्वीस आणि मग पाच वर्षे यांनी गुणले की ५७,६९२ रुपये होतात. पाच वर्षे भरण्याआधी बाहेर पडलास तर या ग्रॅच्युइटीवर पाणी सोडावे लागण्याची वेळ येऊ शकते. तेव्हा एकतर पूर्ण नोटीस भरून ये, नाहीतर तेवढी रक्कम जॉइनिंग बोनस म्हणून लेखी माग, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास तो परत घेण्याची अट आहे का, तेही वाचून घे.

आदल्या संध्याकाळीच माझ्याकडे उतर. सकाळी ठाण्याहून वाशीची लोकल धरलीस की दिघा गाव आणि मग ऐरोली. येताना शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रके आण. जेवण झाल्यावर मी एचआरच्या बाई होऊन तुला आकडा विचारीन आणि मुद्दाम गप्प बसेन.

तुझा,
जुना मित्र