फाइल न उघडता वाचायची कशी, हेही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात कॉम्प्युटरवर जे लेख येतात ते मी आवर्जून वाचतो, पण त्यात कुठे क्लिक करायचं एवढंच असतं, कमांड लाइनबद्दल, म्हणजे आज्ञा टाइप करून कॉम्प्युटर चालवण्याबद्दल, अवाक्षर नसतं म्हणून हे पत्र. माझं दिवसभराचं काम सर्व्हरचे लॉग, म्हणजे त्यावर काय काय घडलं त्याच्या नोंदींच्या फाइली, बघायचं. नवीन आलेली पोरं दोन-तीन जीबीचा लॉग सरळ एडिटरमध्ये उघडतात, मशीन हँग होतं आणि मग नुसतं बघत बसायचं. त्यांचा दोष नाही हो, त्यांना कुणी दाखवलंच नाही.

शिकवलं असेल तर फक्त कॅट (cat) ही कमांड. कॅट म्हणजे कॉन्कॅटिनेट, फाइली एकापुढे एक जोडणं हे तिचं मूळ काम, एकच फाइल दिली की ती स्क्रीनवर ओतून मोकळी होते. मोठ्या फाइलला लेस (less) ही कमांड लावा, ती अख्खी फाइल वाचत बसत नाही, लागेल तेवढाच भाग आणते, स्लॅश टाकून शब्द शोधा, क्यू दाबून बाहेर या. हेडने पहिल्या १० ओळी दिसतात, टेलने शेवटच्या १०, आणि टेलला वजा एफ (-f) लावलं की लॉगमध्ये नवीन ओळ पडल्या पडल्या समोर येते.

पण खरी ताकद पाइपमध्ये आहे, ती उभी रेघ |, एका कमांडचं आउटपुट ती पुढच्या कमांडला देते. परवा बघायचं होतं की कुठल्या आयपीवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनच्या पत्त्यावरून, लॉगिन सारखं फेल होतंय. ग्रेपने (grep) फेलच्या ओळी शोधून काढल्या, त्या कटला दिल्या, त्याने फक्त आयपी ठेवला, मग ओळी क्रमाने लावायला सॉर्ट, मग सारख्या ओळी मोजायला युनिक वजा सी (uniq -c), परत मोठा आकडा वर आणायला सॉर्ट वजा एनआर (sort -nr) आणि शेवटी हेड. एका ओळीत उत्तर, सगळ्यात जास्त वेळा आलेला पत्ता सगळ्यात वर. मधला पहिला सॉर्ट गाळला तर आकडे चुकतात कारण युनिक फक्त लागून आलेल्या सारख्या ओळी मोजतो, लांबच्या नाही. हे पुस्तकात वाचून लक्षात राहत नाही, एकदा गाळून बघितलं की कायमचं राहतं.

पाण्याचे पाइप जोडावेत तसे प्रोग्राम जोडता आले पाहिजेत असं डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं, आणि १९७३ मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन यांनी ते युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आणलं. इतकी वर्षं झाली तरी मी रोज तेच वापरतोय.

एक धोकाही छापा. मी एकदा यादी सॉर्ट करून, आउटपुट फाइलमध्ये वळवणाऱ्या > या चिन्हाने त्याच फाइलमध्ये परत लिहायला गेलो आणि फाइल रिकामी झाली, दोन दिवसांचं काम गेलं. सॉर्ट सुरू व्हायच्या आधीच शेल, म्हणजे आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, ती फाइल पुसून टाकतो. सॉर्टला वजा ओ (-o) देऊन त्याच फाइलचं नाव दिलं असतं तर काही झालं नसतं, आणि फाइलच्या शेवटी नुसती भर घालायची असेल तर >> वापरायचं. हे मला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं.

तर विनंती अशी की दर आठवड्याला कोपऱ्यात एक कमांड छापा, सोबत चार ओळींची छोटी फाइल आणि तिचं आउटपुट, म्हणजे वाचणारा स्वतः टाइप करून ताडून बघेल. पहिले काही मी लिहून द्यायला तयार आहे, मानधन नको.

आपला,
एक नियमित वाचक