बाई, त्या सकाळच्या फोनबद्दल

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

परवा संध्याकाळी जर्नलची मेल आली. लेख स्वीकारलाय. आईला सांगितलं आणि लगेच तुम्हाला फोन लावला, पण मला धड बोलताच येईना. "बरं झालं गं, आता जेवून घे," म्हणून तुम्ही फोन ठेवलात. बोलायचं राहून गेलं ते आज लिहिते, आणि मुद्दाम चारचौघांत लिहिते. नाव घालायचं नाही ही तुमची ताकीद मात्र पाळते.

लेखाचा विषय तुम्हाला ठाऊकच आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगते. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या बायकांनी वर्तमानपत्रांना आणि मासिकांना लिहिलेली पत्रं. चार वर्षं मी त्यामागे होते. संदर्भ झाले ११८. काही इंग्रजी, बरेचसे मराठी, कुठे फक्त शक छापलेला, कुठे मुखपृष्ठच गळालेलं. जर्नलला सगळं एपीएच्या, म्हणजे संदर्भ कसे लिहायचे ते ठरवणाऱ्या नियमावलीच्या, सातव्या आवृत्तीप्रमाणे हवं होतं. लेख दोनदा परत आला. दोन्ही वेळा मजकुराबद्दल अवाक्षर नाही. संदर्भ नियमाप्रमाणे नाहीत, नीट करून पाठवा, एवढंच.

मी ज्यांच्याकडे हक्कानं गेले त्यांनी काय केलं, तेही सांगायलाच हवं. मार्गदर्शक म्हणाले, हे कारकुनी काम आहे, कुणाकडून तरी करून घे. विभागातल्या एकांनी एका सॉफ्टवेअरची लिंक पाठवली आणि पुढे तीन मेसेजना उत्तर दिलं नाही. शेवटी पैसे घेऊन संदर्भ लावून देणाऱ्या एका केंद्रात गेले. सहा हजार रुपये, तीन दिवस. फाईल दिसायला सुरेख होती. तिरपी अक्षरं जागच्या जागी, प्रत्येक नोंदीची दुसरी ओळ अर्धा इंच आत.

मग मी नावं वाचायला घेतली.

रखमाबाईंनी १८८५मध्ये टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली, ती 'अ हिंदू लेडी' अशा सहीनं. तेव्हा त्यांच्यावर नवऱ्यानं नांदायला येण्यासाठी कोर्टात दावा लावलेला होता. त्या वयात, त्या काळात, त्या सहीमागे उभं राहून ती बाई बोलली. आणि माझ्या सूचीत तिचं काय झालं? 'लेडी, ए. एच.' शेवटचा शब्द आडनाव धरला, आधीच्या दोन शब्दांची आद्याक्षरं केली. सौ. काशीबाई कानिटकर झाल्या 'कानिटकर, एस. के.', आणि त्यातला एस म्हणजे 'सौ.'! पंडिता रमाबाईंच्या नावातली पंडिता आकसून एक 'पी.' उरली होती. १८८५च्या एका पत्राला कुठलासा डीओआय, म्हणजे लेखाचा इंटरनेटवरचा कायमचा ओळख क्रमांक, चिकटवलेला होता. तो उघडला तर जमिनीतल्या ओलाव्यावरचा लेख निघाला. मी केंद्रात फोन केला, तर म्हणाले, मॅडम, एवढं कोण बघतं?

त्याच आठवड्यात मी वाचनालयात तुमच्यासमोर रडले. आपली ओळख म्हणाल तर जेमतेम मान हलवण्याइतकी. निवृत्त ग्रंथपाल, मंगळवारी आणि शुक्रवारी जुन्या अंकांना बासनं शिवायला येतात, एवढंच मला माहीत होतं. तुम्ही सुई बाजूला ठेवलीत, माझा लॅपटॉप बंद केलात आणि म्हणालात, "आधी अंक काढून आण. जे डोळ्यांनी पाहिलं नाहीस ते सूचीत घालायचं नाही."

पुढचे पाच आठवडे कसे गेले ते सगळं इथे लिहीत बसत नाही. 'निबंधमाला' या मासिकाचं एकच नाव मी रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिलं होतं, ते तुमच्या पेन्सिलीनं पहिल्याच दिवशी पकडलं. रखमाबाईंची सही तुम्ही जशीच्या तशी ठेवायला लावलीत आणि पुढे चौकटी कंसात त्यांचं नाव. "तिनं जी सही केली ती आपण मोडायची नाही," असं म्हणाला होतात. संपादकांना मी ते तसंच कळवलं आणि त्यांनी मान्य केलं.

पण मला लिहायचंय ते त्या फोनबद्दल.

बुधवार होता. सकाळचे सात वाजायला दहा मिनिटं कमी. गॅसवर दूध होतं. तुमचं नाव दिसल्यावर काही वाईट तर झालं नाही ना, असं वाटून पोटात गोळा आला. तुम्ही नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणालात, "नोंद ७३. अंक माघाचा आहे. तू शके १८०७मध्ये ७८ मिळवून १८८५ लिहिलंयस. माघ म्हणजे जानेवारी उलटून गेला, ७९ मिळवायचे. साल १८८६. रात्री लक्षात आलं, मग झोप लागेना. उठून पंचांग काढलं आणि ताडून पाहिलं."

दूध उतू गेलं. मी तशीच उभी होते.

शक बदलतो चैत्रात आणि इंग्रजी वर्ष बदलतं पौषाच्या आसपास, हे मला माहीत नव्हतं असं नाही. ११८ नोंदींच्या गर्दीत सुटलं. आणि चूक सुटली ती नेमकी कुठे! रखमाबाईंच्या बाजूनं कोर्टाचा पहिला निकाल लागला सप्टेंबर १८८५मध्ये. माझ्या लेखाचा सगळा भर यावर, की त्या निकालानंतर मराठी मासिकांतल्या पत्रांचा सूर पालटला. त्याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे हे माघातलं पत्र. पुढे नुसतं १८८५ छापलं गेलं असतं, तर ते निकालाआधीचंही असू शकतं असं कुणीही म्हटलं असतं, आणि माझ्यापाशी उत्तर नसतं. एका आकड्यावर चार वर्षांचं काम टेकलेलं होतं. ते मलाही उमगलं नव्हतं. तुम्हाला रात्री अडीच वाजता उमगलं.

लेख तुमचा नाही, त्यावर नाव तुमचं नाही. एक रुपया घ्यायला तुम्ही तयार नव्हतात, लाडूंचा डबासुद्धा अर्धा परत पाठवलात. तरी माझ्या नोंद ७३साठी तुमची झोप गेली. बाई, माझ्या कामासाठी आजवर घराबाहेरच्या कुणाची झोप गेलेली नाही.

त्या दिवसापासून मी माणसांकडे वेगळ्या नजरेनं बघते. वाचनालयातले मामा ठिसूळ पान उलटताना खालून तळहात धरतात. झेरॉक्सवाला मुलगा बांधणीतली कडेची ओळ कापली गेली की न सांगता पुन्हा काढून देतो. अशी माणसं आधीही माझ्या आजूबाजूला होतीच, मी घाईत होते. ती कधी कुठल्या सूचीत येत नाहीत. मला त्या सगळ्यांना जाऊन नमस्कार करावासा वाटतो, आणि यातल्या दोघांना केलाही.

ऋणनिर्देशात नाव घालू देत नाही म्हणालात, तेव्हा मी वाद घातला नाही. 'ज्यांनी प्रत्येक साल पुन्हा तपासलं त्या ग्रंथपाल' एवढं मात्र लिहिलंय. ते खोडायला सांगू नका.

छापील प्रत हातात आली की येत्या शुक्रवारी नाहीतर त्याच्या पुढच्या शुक्रवारी घेऊन येते. सुरुवातीची पानं वाचू नका. आधी शेवटचं पान उघडा आणि पेन्सिल घेऊन बसा. माघ, शके १८०७. १८८६च आहे, मी तीनदा पाहिलंय, पण तुम्ही बघितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

तुमची,
शेवटच्या टेबलावरची मुलगी