बरसीमच्या वीस गुंठ्यांबद्दल आभार

आदरणीय अण्णा,
सादर नमस्कार.

काल बरसीमच्या हिरव्या चाऱ्याची दुसरी कापणी झाली. तुमच्यासमोर बोलताना मला शब्द सुचत नाहीत, म्हणून हे पत्र.

विहिरीजवळचे ते वीस गुंठे मी जवळजवळ सोडूनच दिले होते. आदल्या वर्षी घाईने, हरळी आणि लव्हाळ्यातच लसूणघास पेरली आणि महिन्याभरात ती तणाखाली गुदमरली. चूक सर्वस्वी माझी होती. मे महिन्यात तुम्ही खोल नांगरट करायला लावलीत, हरळीच्या काशा वेचून बांधावर उन्हात वाळवल्यात. पण मी खरा ऋणी आहे तो सप्टेंबरअखेरच्या तुमच्या एका आग्रहाबद्दल. बाजरी निघाल्यावर बियाण्याची पिशवी घेऊन मी तयार होतो आणि तुम्ही म्हणालात, "आधी रिकाम्या रानाला पाणी दे." रिकाम्या रानाला पाणी देणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता! दहा-बारा दिवसांत सगळे रान तणाने हिरवे झाले, वाफसा येताच तुम्ही वरच्यावर वखर फिरवलात, आणि खालचे तणाचे बी पुन्हा वर येऊ नये म्हणून वखर खोल जाऊ दिला नाहीत. हेच पुन्हा एकदा केल्यावर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पेरणी झाली.

दुकानातून आणलेल्या बियाण्यात कासनी या तणाच्या बियांची भेसळ असल्याचे तुम्ही तळहातावर दाणे पसरून ओळखलेत. 10 लिटर पाण्यात 1 किलो मीठ विरघळवून त्यात 6 किलो बी ओतले, तेव्हा हलके कासनीचे दाणे तरंगून वर आले. ते काढून, बी स्वच्छ धुऊन, गुळाच्या पाण्यात कालवलेले जिवाणू खत चोळून आपण वाफ्यांतल्या गढूळ पाण्यात ते फोकले.

पहिली कापणी पंचावन्न दिवसांनी मिळाली. ओले बरसीम एकटे घातल्यास पोटफुगी होते, हे तुम्ही बजावले होते, म्हणून म्हशींना ते कडब्याच्या कुट्टीत मिसळूनच घालतो.

तुम्ही एक पैसाही घेतला नाहीत, तेव्हा निदान दर कापणीचे दोन भारे तुमच्या गाईसाठी स्वीकारावेत. बांधालगतच्या कोपऱ्यात लव्हाळा अजून तग धरून आहे. येत्या मे महिन्यात नांगर घालण्यापूर्वी आपण एकदा येऊन तो पाहावा, ही विनंती.

आपला,
विहिरीपलीकडचा शेजारी