नगरसेवकाने दिल्लीचं बोलावं, पण गल्लीतून बोलावं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या पानावर एका वाचकांनी लिहिलं होतं की नगरसेवकाने गटार, पाणी, कचरा एवढंच बघावं, देशाच्या राजकारणावर बोलायचं त्याचं काम नाही. मला ते अर्धं पटलं आणि अर्धं अजिबात पटलं नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण वन नेशन वन इलेक्शनचा, म्हणजे देशभरातल्या निवडणुका एकत्र घेण्याचा, मुद्दा आहे तो कृपया ठेवा.

आधी पटलं ते सांगते. आमच्या प्रभागाचा व्हॉट्सअप ग्रुप आहे, निवडून आल्यावर नगरसेविका ताईंनी स्वतःच काढला, आणि सुरुवातीला खरंच खूप चांगला चालला. पाण्याचंच घ्या. टाकीजवळच्या गल्लीत फोर्सने पाणी यायचं आणि शेवटच्या टोकाला दोन बादल्या भरेपर्यंत धार बारीक व्हायची, तक्रारी किती वर्षांच्या कुणास ठाऊक. ताई पहाटे चावीवाल्याबरोबर फिरल्या, कुठला व्हॉल्व्ह किती वाजता उघडतो, किती आटे फिरवतो, बंद कधी करतो, सगळं वहीत लिहून घेतलं, मग ज्युनियर इंजिनियरसमोर ती वही ठेवली आणि बदललेल्या वेळा ग्रुपवर टाकल्या. लगेच धो धो पाणी आलं असं नाही, पण टोकाच्या घरांना निदान कळलं की पाणी कधी येणार, बायकांची रात्रीची जागरणं गेली. ही गोष्ट छोटी नाही, ज्याच्या घरी नळाला पाणी नाही त्याला विचारा.

मग एक दिवस कुणीतरी वन नेशन वन इलेक्शनवरचा टीव्ही डिबेटचा तुकडा टाकला. ताईंनी त्यावर आपल्या पक्षाची बाजू मांडली, दुसऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी उत्तर दिलं, मग याने त्याला देशद्रोही म्हटलं त्याने याला अंधभक्त म्हटलं, आणि एका आजींनी दारासमोरचं गटाराचं चेंबर तुंबल्याचा फोटो टाकला होता तो या सगळ्यात कुठच्या कुठे वर गेला. त्यांनी परत टाकला, परत वर गेला, शेवटी त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या. त्यांचं चेंबर दुसऱ्या कुणीतरी फोन करून साफ करून घेतलं. याचा मला मनापासून राग आला. इथपर्यंत मी त्या पत्रलेखकांच्या बाजूने आहे.

पण म्हणून नगरसेवकाने देशाचं बोलूच नये? हे मला मान्य नाही. महात्मा फुले १८७६ ते १८८३ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून पैसे काढायचे ठरले तेव्हा त्यांनी विरोध केला आणि हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला म्हणाले. हे गल्लीचं राजकारण की दिल्लीचं? दोन्ही आहे. वल्लभभाई पटेल १९१७ मध्ये अहमदाबाद नगरपालिकेत निवडून गेले, स्वच्छतेचं काम बघितलं, १९२४ ते १९२८ अध्यक्ष होते आणि त्याच १९२८ साली त्यांनी बारडोलीच्या शेतकऱ्यांचा सारावाढीविरुद्धचा सत्याग्रह चालवला. गटारं बघणाऱ्या माणसाला देशाचं काही कळत नाही असं त्या काळात कुणी म्हटलं असतं का? फुल्यांनी जो प्रश्न धरला तो त्यांच्या हातातल्या पैशाचा होता, नगरपालिकेच्या ठरावाचा होता, हे मात्र लक्षात घ्यायला पाहिजे.

आता वन नेशन वन इलेक्शनकडे येते, कारण आमच्या ग्रुपवर त्यावर इतके मेसेज पडले आणि आपल्या कामाचा मुद्दा एकानेही काढला नाही. यासाठी नेमलेल्या, माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीने मार्च २०२४ मध्ये रिपोर्ट दिला, त्यात लोकसभा विधानसभा एकत्र आणि त्यानंतर १०० दिवसांच्या आत महापालिका, पंचायतींच्या निवडणुका असं सुचवलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत जे घटनादुरुस्ती विधेयक आलं ते फक्त लोकसभा आणि विधानसभांचं आहे, महापालिकांचं त्यात नाही. आणि आमच्या महाराष्ट्रात काय झालं? मुदत संपलेल्या महापालिकांमध्ये काही ठिकाणी २०२० पासून, बऱ्याच ठिकाणी २०२२ पासून प्रशासक, म्हणजे नगरसेवकांच्या जागी सरकारने नेमलेले अधिकारी, बसले, आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेच्या कोर्टकेसेस, आणि शेवटी सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये आदेश दिला, पुढे मुदतवाढ मिळाली, तेव्हा कुठे १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांचं मतदान झालं. घटनेच्या कलम २४३ यू मध्ये स्पष्ट आहे की पाच वर्षांची मुदत संपायच्या आत नवी निवडणूक झाली पाहिजे. हे कलम ७४ व्या घटनादुरुस्तीने आलं, १ जून १९९३ पासून लागू आहे, आणि तरीही आपण इतकी वर्षं नगरसेवक नसलेल्या शहरात राहिलो.

त्या काळात काय हाल झाले ते मी बघितलेत. चेंबर तुंबलं की कुणाकडे जायचं हेच कळायचं नाही, ऑनलाइन तक्रार टाकायची, आठवड्याने मेसेज यायचा तक्रार निकाली काढली, आणि खाली बघावं तर पाणी तसंच वाहतंय. बजेट व्हायचं पण सभागृहात ते फाडून बोलणारं कुणी नव्हतं, खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीचे १६ सदस्य नाहीत, सर्वसाधारण सभा नाही, प्रशासकच प्रस्ताव मांडणार आणि प्रशासकच मंजूर करणार. मग ज्या नगरसेविकेची खुर्चीच अशी वर्षानुवर्षं रिकामी राहिली तिने एकत्र निवडणुकीच्या चर्चेत नेत्याचा फोटो टाकून गप्प बसायचं का? तिने विचारायला पाहिजे की तुम्ही पाच वर्षांची शिस्त लोकसभेला लावताय तर आमच्या निवडणुका वेळेवर होतील याची हमी कोण देणार. तिच्या स्वतःच्या पक्षाला विचारायला पाहिजे. असं बोलल्या असत्या तर मी ग्रुपवर सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या असत्या.

जीएसटीचं पण तेच. टीव्हीवर जीएसटीची चर्चा म्हणजे महागाई आणि व्यापारी. पण महापालिकेचं स्वतःचं मोठं उत्पन्न होतं जकातीचं, मग तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांची एलबीटी गेली, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तेव्हापासून महापालिका बऱ्याच अंशी राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या पैशावर चालतात. तो हप्ता हा आमच्या ड्रेनेज लाईनचा पैसा आहे. यावर नगरसेवकाने बोलायचं नाही तर कुणी बोलायचं? आणि जनगणना! २०२१ ची झाली नाही, आत्ताचे प्रभाग २०११ च्या लोकसंख्येवर पाडलेत. आमच्या भागात तेव्हा माळरान होतं तिथे आता टॉवर उभे आहेत, तरी कागदावर आम्ही जुनेच तितकेच लोक. त्याच आकड्यांवर नगरसेवक निवडले गेले आणि दवाखाना कुठे हवा, शाळा कुठे हवी हेही बघितलं जाणार. जनगणनेवर देशभर जातीच्या आकड्यांवरून रान उठलंय, ते व्हायलाच पाहिजे, पण आमच्या नगरसेवकांनी त्यात आपल्या प्रभागाची वाढलेली डोकीही मांडली पाहिजेत.

आणखी एक अडचण आहे. मुंबई सोडली तर बाकी शहरांत बहुतेक ठिकाणी चार सदस्यांचा प्रभाग, अ ब क ड, एका मतदाराने चार बटणं दाबायची. निवडून आल्यावर रस्ता खोदून ठेवला तर अ वाले म्हणतात ते क ने काम आणलं, क म्हणतात मागचं टेंडर आहे. इतका मोठा प्रभाग असतो की प्रचाराला घरोघर जाणं शक्य होत नाही, मग दिल्लीच्या नेत्याचा फोटो आणि पक्षाचं चिन्ह यावरच मतं मागितली जातात. आम्हीही तशीच देतो. त्यामुळे निवडून आलेल्या माणसालाही वाटतं आपण पक्षाचा माणूस आहोत, टीव्हीवरचं भांडण लढणं हेच आपलं काम. पद्धतच तशी असेल तर एकट्या ताईंना दोष देऊन उपयोग नाही. मला तरी हा चारचा प्रभाग रद्द झालेला बघायचाय, एक वॉर्ड एक नगरसेवक, म्हणजे दार कुणाचं वाजवायचं हे माहीत असतं.

ताई, तुम्ही हे पत्र वाचत असाल तर रागावू नका, पाण्याचं तुम्ही जे केलंत ते आधीच्या कुणी केलं नव्हतं. माझं म्हणणं इतकंच आहे की ग्रुप दोन करा, एक फक्त प्रभागाच्या कामांचा, त्यात कुणीच, तुम्हीसुद्धा, पक्षाची पोस्ट टाकायची नाही. राजकारण बोलायला दुसरा ग्रुप असू दे, तिथे कचकचून भांडू. महापालिका कायद्यात २००९ पासून क्षेत्र सभेची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आहे, आमच्याकडे अशी सभा झाल्याचं मी ऐकलेलं नाही, ती शाळेच्या हॉलमध्ये घ्या आणि बाकीच्या तिघांनाही स्टेजवर बोलवा, पक्ष कुठलेही असोत. आणि पुढच्या जीबीला (सर्वसाधारण सभेला) लेखी प्रश्न लावा की जीएसटी भरपाईचे या वर्षी किती पैसे आले, त्यातले आपल्या प्रभागाच्या ड्रेनेजला किती दिले. उत्तर आलं की जसंच्या तसं ग्रुपवर टाका, आणि त्या आजींना परत ग्रुपमध्ये घ्या.

आपली,
एक नियमित वाचक