गढीवरच्या धनाविषयी मित्रास पत्र

दारव्हा, जिल्हा यवतमाळ
दि. १९ जानेवारी २०२५

प्रिय मित्र वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझे चार पानी पत्र तिळगुळाच्या पुडीसह पोचले. तिळगूळ त्याच दिवशी संपला; पत्र मात्र तीनदा वाचूनही माझ्या गळी उतरलेले नाही. हे सारे फोनवर सांगता आले असते, पण फोनवर आपण दोघेही एकाच वेळी बोलतो, ही वहिनींची तक्रार खरी असल्यामुळे सविस्तर लिहायला बसलो आहे.

तुझ्या शेतातल्या गढीवर, पुरलेले सोने शोधून देतो म्हणणाऱ्या त्या इसमाने यंत्र चालवले, पिस्तुलासारखी मूठ असलेल्या त्या यंत्राची अँटेना तीनदा ईशान्येच्या कोपऱ्याकडे वळली, तेथे तुम्ही कमरेइतके खणल्यावर राख, खापरे आणि तांब्याचा हिरवा पडलेला तुकडा निघाला, आणि आता ते यंत्र तू १,८०,००० रुपयांना विकत घ्यावेस असे ठरते आहे, एवढे मला कळले. अर्ध्या किलोमीटरवरचे आणि पंधरा मीटर खोल असलेले सोने ते ‘पकडते’ असे तो म्हणतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारात ते चार हजारांच्या आसपास विकावे लागते, अशा वर्षी माणसाची नजर जमिनीच्या वरून जमिनीच्या खाली जाते, यात तुझा दोष मी मानत नाही. पण हा पैसा म्हणजे पंचेचाळीस क्विंटल सोयाबीन आहे, एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाच.

आधी त्या राखेविषयी आणि खापरांविषयी लिहितो, कारण तुझा विश्वास बसला तो तेथेच. वसंता, गढी ही पांढरीवर उभी असते. पांढरी म्हणजे पिढ्यानपिढ्या माणसे राहिलेली जागा; भिंती पडल्या, चुलींची राख साचली, मडकी फुटली, गुरे बांधली गेली, म्हणून तर ती माती काळ्या रानापेक्षा वेगळी दिसते आणि आपल्या आज्यांनी ती घर लिपायला गाड्या भरभरून नेली. अशा जागी ईशान्येस खण, नैर्ऋत्येस खण, राख आणि खापर निघणारच. तांब्याचा किंवा लोखंडाचा एखादा तुकडाही निघेल. यंत्राने दाखवलेल्या जागी काही तरी निघाले, हे तू पाहिलेस. यंत्राने न दाखवलेल्या जागी काय निघते, हे पाहायला तुम्ही एकही खड्डा खणला नाही. ज्या पाणाड्याने तुझ्या वडिलांना तळहातावरचा नारळ उभा करून विहिरीची जागा दाखवली होती, त्याचेही गणित हेच होते: नाल्याकाठच्या त्या मुरमात दहा जागी खणले असते तर आठ जागी पाणी लागले असते.

पुरलेले धन ही निव्वळ भाकडकथा आहे, असे मी म्हणत नाही. पेंढाऱ्यांच्या काळात, बँका नसलेल्या मुलखात, लोकांनी किडूकमिडूक गाडग्यात घालून पुरले आणि सांगणारा माणूस मेल्यावर ते तसेच राहिले, असे घडले आहे. तुमच्याच मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा येथे १९३९ साली सातवाहन राजांची दीड हजारांहून अधिक नाणी सापडली आणि वा. वि. मिराशी यांनी त्यांचा अभ्यास केला. ज्यांची नावे पूर्वी नाण्यांवर दिसली नव्हती असे राजे त्यामुळे इतिहासाला कळले. पण ती नाणी सोन्याची नव्हती. ती पोटीनची, म्हणजे तांब्याच्या हलक्या मिश्रधातूची होती आणि तुझ्यामाझ्या हाती पडली असती तर आपण ती भंगार म्हणून कोपऱ्यात टाकली असती. त्या इसमाच्या यंत्रावर सोने, चांदी आणि हिरे अशी तीन बटणे आहेत म्हणतोस; पोटीनचे बटण आहे का, हे त्याला अवश्य विचार.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, जी मी लाजेपोटी आजवर कोणाला सांगितली नाही. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवत असताना माझ्या हाती पितळी कांड्यांची कमतरता नव्हती. कोणाचे तरी पाहून मी दोन कांड्या काटकोनात वाकवल्या, रिकाम्या बॉलपेनांच्या नळ्यांत बसवल्या आणि दोन्ही मुठींत धरून घराच्या अंगणात चालू लागलो. नळाची पाइपलाइन फाटकापासून कडुनिंबाच्या उजव्या बाजूने न्हाणीकडे जाते, हे मला ठाऊक होते. त्या रेषेवर पाय पडताच कांड्या आपोआप एकमेकींवर आल्या. मागे सरलो, त्या सुटल्या. पुढे झालो, पुन्हा फुली पडली. हात मी हलवला नव्हता, याची शपथ मी आजही घेईन. अंगावर काटा आला होता. महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला मी हा प्रयोग दाखवला आणि प्रत्येक वेळी कांड्या त्याच रेषेवर वळल्या. पुढे पावसाळ्यात पाइप फुटला म्हणून अंगण खणले, तर त्या रेषेवर पाइपच नाही. मी प्रशिक्षणासाठी नागपूरला असताना थोरल्या भावाने निंबाची मुळी लागते म्हणून लाइन डाव्या बाजूने फिरवून घेतली होती आणि मला सांगायचे राहून गेले होते. कांड्या महिनाभर पाइप दाखवत नव्हत्या, वसंता. माझी समजूत दाखवत होत्या. खऱ्या पाइपवरून मी रोज दहादा गेलो असेन, तेव्हा त्या ढिम्म राहिल्या.

याचे कारण वेल्डिंग शिकवणाऱ्याला तरी कळायला हवे होते. वाड्याचे दार ओळंब्यात बसवले नसेल, तर कोणी हात न लावता ते मिटते किंवा उघडते, हे तू पाहिले आहेस. मुठीतली कांडी म्हणजे असेच दार आणि मूठ म्हणजे त्याची चौकट. चौकट अगदी उभी असेल तर कांडी जेथे ठेवाल तेथे राहते. मनगट केसभर कलले की कांडीचे टोक उताराकडे घसरते. हा कल इतका सूक्ष्म असतो की ज्याचे मनगट त्यालाच कळत नाही आणि तो येतो मनातल्या अपेक्षेने. १८३३ साली शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने लिहून ठेवले आहे की, त्याच्या हातातला लोलक पाऱ्यावर धरला की हलत असे, पण डोळे बांधल्यावर तो थांबला. त्या इसमाच्या यंत्राची अँटेनाही मोकळ्या बिजागरीवरच फिरते ना? मग मुठीतल्या डबीत कितीही तारा आणि लुकलुकणारे दिवे असोत, वळवणारे मनगटच. तो ज्याला सोन्याची ‘रेणवीय वारंवारता’ म्हणतो, तशी कोणतीही लहर जमिनीत पडलेले सोने बाहेर सोडत नाही. सोन्यासारखा निवांत धातू दुसरा नसेल.

म्हणूनच तो इसम लबाडच आहे, असेही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. माझ्या मावसभावाने असेच एक यंत्र ९०,००० रुपयांना घेतले आहे आणि तो स्वभावाने गाय आहे. गेल्या दिवाळीत त्याच्या खळ्यात आम्ही त्या यंत्राची परीक्षा घेतली. सहा टोपल्या पालथ्या घालून ओळीत मांडल्या आणि मावशीच्या दोन सोन्याच्या पाटल्या एकीखाली ठेवल्या. आधी त्याच्यादेखत ठेवल्या, तेव्हा अँटेना सहापैकी सहा वेळा बरोबर टोपलीकडे गेली आणि भाऊ आमच्याकडे विजयी मुद्रेने पाहू लागला. मग आम्ही दोघे गोठ्यामागे गेलो, मावशीच्या नातवाने फासा टाकून येईल त्या आकड्याच्या टोपलीखाली पाटल्या ठेवल्या, आणि तो आत निघून गेल्यावरच आम्ही खळ्यात आलो. असे बारा वेळा केले. बारांपैकी एकदा जमले. डोळे मिटून बोट ठेवले असते तर साधारण दोनदा जमले असते. भाऊ यंत्राच्या मुठीवर चापट्या मारत म्हणाला, “सकाळी त बराबर दाखवे, आता काय झालं याले?” मावशी म्हणाली, “पहिले माह्या पाटल्या मोजून दे बाप्पा.” तो माणूस कोणालाही फसवत नव्हता, आणि नेमकी हीच गोष्ट मला अधिक भीतीदायक वाटते.

तुझा इसम यावर काय म्हणेल, तेही सांगतो. ताजे सोने यंत्र पकडत नाही, वर्षानुवर्षे जमिनीत राहिलेल्या सोन्याभोवती एक वलय तयार होते आणि तेच यंत्राला लागते, असे उत्तर या धंद्यात ठरलेले आहे. ठीक आहे, मग गढीवरचीच परीक्षा घेऊ. त्याचे डोळे उपरण्याने बांधायचे, त्याला गोल फिरवायचे, हाताला धरून निरनिराळ्या चार जागी उभे करायचे आणि प्रत्येक ठिकाणाहून अँटेना ज्या दिशेला जाईल त्या दिशेने दोरी ताणून खुंटी ठोकायची. सोने एकाच जागी असेल तर चारही दोऱ्या तेथे मिळतील. यासाठी सोने कोठे आहे हे आपल्याला माहीत असण्याचीही गरज नाही.

खरी यंत्रे आहेत आणि त्यांच्या मर्यादा त्यांचे उत्पादक स्वतः सांगतात. मेटल डिटेक्टर जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडतो आणि धातूत उमटणारा प्रतिसाद पकडतो. एखादे नाणे त्याला वीतभर, फार तर हातभर खोलीपर्यंत कळते, मोठे भांडे त्याहून थोडे खोल. आपला दगड बेसाल्ट, त्याची माती लोहयुक्त, त्यामुळे तो आपल्याकडे विनाकारणही ओरडतो. शिवाय पांढरीत खिळे, नाल आणि पत्र्याचे तुकडे इतके असतात की दिवसभर खणून पाटीभर भंगार हाती येईल. जमिनीत रेडिओलहरी सोडणारे रडारही असते, पण चिकण काळी माती त्या लहरी शोषून घेते आणि ओल्या रानात ते मीटरभरही खाली पाहू शकत नाही. लाखो रुपयांची ही यंत्रे जेथे हात टेकतात, तेथे एक अँटेना पंधरा मीटर खोल पाहते, यावर तू, ज्याने बोअरच्या एकेका फुटाचे पैसे मोजले आहेत, विश्वास कसा ठेवलास?

अशा यंत्रांनी शिकलेल्या सैन्यांनाही गंडवले आहे, म्हणून तू फार मनाला लावून घेऊ नकोस. जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या इंग्रजाने, हरवलेला गोल्फचा चेंडू शोधण्याच्या वीस डॉलरांच्याही आतल्या खेळण्यावरून ‘एडीई ६५१’ नावाचे बॉम्बशोधक बनवले आणि इराकच्या सरकारला ते हजारो डॉलरांना एकेक असे विकले. त्यात बॅटरीही नव्हती. तीच मूठ, तीच डुलणारी अँटेना. बगदादच्या नाक्यांवर ते हातात धरून शिपाई गाड्या तपासत राहिले आणि बॉम्ब भरलेल्या गाड्या पुढे गेल्या. २०१३ साली लंडनच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. ‘जीटी २००’ हे त्याचेच भावंड थायलंडच्या सैन्याने घेतले होते. २०१० साली तेथे चार खोक्यांची बंद परीक्षा झाली, तेव्हा वीसपैकी चारदा ते बरोबर ठरले. अंदाजाने पाचदा ठरले असते. आमच्या खळ्यातल्या बेरजेशी हे किती जुळते ते पाहा.

हे सारे पैशापुरते असते तर मी इतके लांब लिहिले नसते. पण तुझ्या पत्राच्या चौथ्या पानावर, जणू सहज म्हणून, तू लिहिले आहेस की “घरात कोणी पायाळू आहे का” असे त्याने विचारले आणि धाकट्या नातीचा जन्म पायाकडून झाल्याचे वहिनींनी त्याला सांगितले. वसंता, ते वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. यंत्र आधी येते, मग यंत्र ‘अडते’, मग धनावर राखण असल्याचे सांगितले जाते, मग अमावास्येची पूजा आणि मग पायाळू माणूस. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस परभणीकडच्या मानवतला गुप्तधनाच्या नादात लहान मुलींचे बळी कसे गेले, हे आपण शाळकरी वयात घरातल्या मोठ्यांच्या कुजबुजीतून ऐकले आहे. गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहेत आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. तो माणूस पुन्हा नातीचा विषय काढील, तर माझी वाट न पाहता पोलीस पाटलांना सांग.

आणि समजा, खरेच काही निघाले, तरी ते गुपचूप वाटून घेता येत नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून जिवंत आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे जे काही जमिनीत सापडेल, त्याची लेखी खबर कलेक्टरला द्यावी लागते आणि न दिल्यास वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. दहा रुपये! त्या काळी ते मोठे धन होते, आज त्यात कटिंग चहा येतो. निम्म्या वाट्याच्या बोलीवर जो माणूस रात्री खणायला सांगतो, तो हे तुला सांगणार नाही.

मी येत्या शनिवारी सकाळच्या एसटीने कारंज्यावरून येतो. सहा टोपल्या, दोरीचे बंडल आणि खुंट्या तयार ठेव. फासा मी आणतो. त्या इसमालाही बोलाव, चहापाणी कर, अपमान करू नकोस. तोवर चेक लिहू नकोस आणि ईशान्येचा खड्डा मातीने भरून घे, कारण गुरे त्या बाजूने चरतात. वहिनींना नमस्कार, नातीला आशीर्वाद आणि तिच्यासाठी दारव्ह्याचे पेढे घेऊन येतो म्हणून सांग.

तुझा,
सुधाकर